तीन नंबरचं टेबल

पहिल्या दिवशी त्या हॉलमध्ये पाच टेबलं होती. दोन चांगली, दोन बरी आणि पाचवं नावापुरतं. त्याच्यावर मालकाचा डबा, छत्री आणि जुनी वर्तमानपत्रं असत. क्यू, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, सव्वीस. त्या मी एकेक करून फरशीवर लोळवून पाहिल्या, एकोणीस सरळ निघाल्या. खडूचे तुकडे अकरा. चार टेबलांना मिळून रंगीत बॉल साठ हवेत, होते एकोणसाठ. साठावा कुठे गेला हे मालकाला माहीत होतं, पण तो सांगत नसे. भिंतीवर पाट्या तीन. 'धूम्रपान करू नये', 'टेबलावर बसू नये' आणि 'कुणीही होऊ शकतो'. माणसं चार: मालक, सर, मामा आणि मी.

मोजायचं काम माझं होतं. पदार्थविज्ञानाची पदवी मिळून मला सात महिने झाले होते आणि मोजण्यासारखं दुसरं काही अजून हाती आलं नव्हतं. "ही माझी भाची. शास्त्रज्ञ आहे," अशी मामाने सरांना ओळख करून दिली. सरांनी मला एक व्हिजिटिंग कार्ड दिलं. जाड, चकचकीत, आणि त्याच्यावरही तेच: कुणीही होऊ शकतो.

काय होऊ शकतो? व्यावसायिक पूल खेळाडू. सरांच्या पत्रकात त्याचं समीकरणच छापलं होतं: जिद्द अधिक योग्य प्रशिक्षण बरोबर व्यावसायिक खेळाडू. खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'जन्मजात गुण ही आळशी माणसांनी उठवलेली अफवा आहे.' मामाला हे पत्रक एका दुकानाच्या काउंटरवर सापडलं, आणि समीकरण दिसलं की आमच्या घराण्यात कुणाला राहवत नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस. वजनमापे कार्यालयात निरीक्षक. दुकानदारांनी आपापले तराजू घेऊन यायचं, याने ते दगडी ओट्यावर ठेवून तपासायचे आणि शिक्का मारायचा. असं एकवीस वर्षं. त्याने आयुष्यात कधी कुणाचा गुंजभर फायदा केला नव्हता की तोटा. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा तो तळहात जरा खालीवर करतो.

पत्रक हाती आलं त्या रात्रीच्या जेवणात त्याने जाहीर केलं, "मी एक वर्षाची बिनपगारी रजा घेतोय."

मामी इस्पितळात क्ष-किरण काढते. दिवसभर लोकांच्या बरगड्या बघून आलेली. तिने घास संपवला आणि म्हणाली, "कशाला?"

"पूल खेळायला."

"पूल बांधायला म्हणाला असतात तर एक वेळ समजले असते."

"अगं, ऐकून तर घे."

"ऐकतेय. मी रोज चाळीस माणसांच्या आत बघते. खेळाडू कसा असतो ते मला आतून माहीत आहे. तुमच्या आत एक निरीक्षक आहे, त्याच्या आत दुसरा निरीक्षक आहे."

मामाने वाटीतलं वरण ढवळलं. "एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूंवर शिक्के मारतोय," तो म्हणाला. "एकदा मलाही कुणीतरी तोलावं असं वाटतं. एवढंच."

यावर विनोद करता येण्यासारखा होता, पण मामीने केला नाही. तिने अटी घातल्या. मुदत एक वर्ष. वर्षाच्या शेवटी खेळाडू मंडळाची निवड चाचणी असते. शंभर ठरावीक फटके, त्यांतले पंचाहत्तर बॉल पॉकेटमध्ये गेले तर व्यावसायिक यादीत नाव लागतं. नाव लागलं तर मामाने राजीनामा द्यावा, ती एका पगारात घर चालवेल. नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामा ओट्यासमोर हजर, आणि क्यू हा शब्द या घरात पुन्हा उच्चारायचा नाही.

"कबूल?"

"कबूल," मामा म्हणाला आणि साक्षीदार म्हणून माझ्याकडे बघितलं. मी वहीत तारीख लिहिली.

तर प्रशिक्षणाचा पहिला दिवस. सरांनी मामाला तीन नंबरचं टेबल दिलं. सर चौतीस वर्षांचे, दोन वर्षं स्वतः व्यावसायिक यादीत होते. कितव्या क्रमांकावर, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "महत्त्वाचं काय, यादी." त्यांनी मामाच्या हातात क्यू दिली, पण मामाने ती भिंतीला टेकवली आणि पिशवीतून पाणसळ काढली.

ही पाणसळ कार्यालयाची. हातभर लांब, पितळी, मध्ये काचेची नळी आणि नळीत हवेचा बुडबुडा. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच खुणा. बुडबुडा एक खूण सरकला की मीटरला एक मिलिमीटर उतार समजायचा. प्रत्येक तराजूच्या आधी ओटा समतल आहे की नाही हे तिच्यावर बघायचं, असा नियम. मामाचा तिच्यावर फार जीव. "नऊ वर्षांपूर्वी कार्यालयाच्या जिन्यावरून पडली," तो कुणालाही सांगे. "एकोणीस पायऱ्या. काचेला चरासुद्धा नाही. माल बघ." लहानपणी तिच्यावरचा पहिला धडा त्यानेच मला दिला होता: ठेवायची, वाचायची, मग उलटी फिरवून ठेवायची, पुन्हा वाचायची. दोन्ही वेळा बुडबुडा त्याच जागी आला तरच पाणसळ खरी. कार्यालयाच्या नोंदवहीत या उलट चाचणीसाठी वेगळा रकाना आहे आणि त्यात दर महिन्याला 'ठीक' असं लिहिलेलं असतं.

मामाने पाणसळ टेबलावर आडवी ठेवली. आम्ही चौघं वाकलो. बुडबुडा उजवीकडे पावणेदोन खुणा.

"डावी बाजू खाली आहे," मामा म्हणाला.

"आठ वर्षं झाली टेबल बसवून," मालक म्हणाला. "कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला आधी मोजावं लागतं."

मी मान डोलावली. लांबीच्या दिशेने उतार असला तर बॉल फक्त हळू किंवा जलद जाईल, आडव्या दिशेने असला तर पॉकेट चुकेल, म्हणून आडवी दिशाच दुरुस्त करावी, असं मी शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. सर म्हणाले, हीच ती जिद्द. मालकाने कुरकुरत गाडीचा जॅक आणला. पायाखाली घालायला पातळ, एकसारख्या जाडीचं काहीतरी हवं होतं, आणि तसली एकच वस्तू त्या हॉलमध्ये मुबलक होती. डाव्या बाजूच्या दोन पायांखाली सरांची सात-सात व्हिजिटिंग कार्डं गेली. एकूण चौदा. बुडबुडा मधल्या रेघेवर येऊन बसला. मामाने खिशातून रुमाल काढून पाणसळ पुसली आणि पिशवीत ठेवली.

मग प्रशिक्षण सुरू झालं. रोज आठ तास. सरांची पद्धत अशी की शंभर फटके ठरलेले, सगळे दाराकडच्या टोकाने मारायचे, कारण दुसऱ्या टोकाला भिंत इतकी जवळ होती की क्यू मागे खेचली की ती भिंतीवर आपटे. आणि सगळे हळू मारायचे. "बॉलला विचार करायला वेळ द्या," सर म्हणत. बॉल विचार करत करत जाई आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन मत बदले.

पहिल्या दिवसाचा आकडा तेवीस.

मामाने हार मानली नाही. तो सकाळी घरातल्या जेवणाच्या टेबलावर कोपर कसं ठेवायचं याचा सराव करी. मामी त्याच्या कोपराभोवतीने पुसून घेई. त्याने चहा सोडला, हात थरथरू नये म्हणून. मग चहा न मिळाल्याने हात थरथरू लागला, म्हणून परत धरला. सरांनी त्याला मनातल्या मनात बॉल बघायला सांगितलं, तर तो मनातल्या मनात बॉलचं वजन करू लागला. सर रोज दोन तास खुर्चीत बसून फोन बघत आणि मधूनच, मान वर न करता, "सुंदर" म्हणत. मी वेळ लावून पाहिली. दर अकरा मिनिटांनी एक सुंदर. बॉल गेला काय, न गेला काय.

तीन महिन्यांनी आकडा अठ्ठेचाळीस झाला. सहा महिन्यांनी सदुसष्ट. मी आलेख काढला. इतका देखणा आलेख मला पदवीच्या तीन वर्षांत एकदाही आला नव्हता. सरांनी त्याचा फोटो काढून नव्या पत्रकावर छापला, खाली माझ्या परवानगीशिवाय 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले'.

सातव्या महिन्यात मालक आमच्यापाशी आला. हा माणूस कधी सराव करत नसे. गिऱ्हाईक नसलं की डबा खाता खाता उठायचा, डाव्या हातात पोळीचा तुकडा तसाच, तीन-चार बॉल घालवायचा आणि परत डब्याशी. तो मामाला म्हणाला, "साहेब, तीन नंबर ओढतंय."

"म्हणजे?"

"उजवीकडे ओढतंय. दुसरं कुणी त्याच्यावर खेळायला तयार नाही. येतात, दोन डाव खेळतात, पैसे टाकतात नि चार नंबरवर जातात. गिऱ्हाइकांना तुमच्या टेबलाचं भय बसलंय."

"टेबल ओढत नाही. हात ओढतो," मामा म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण काय उगाच पडली?"

"मी स्वतः खेळून बघितलं."

"पोळी खात?"

"पोळी मी चार नंबरवरही खातो."

मी हसले. मामाही हसला. सरांनीही फोनवरून नजर न काढता हसून घेतलं. ते टेबल पाणसळीवर समतल केलेलं आहे आणि आकडे चढते आहेत, असं मी मालकाला समजावून सांगितलं. चुकत असतं तर चढले कसे असते? मालकाने माझ्याकडे बघितलं, मग आलेखाकडे, आणि डब्याचं झाकण लावलं. "शिकलेली माणसं तुम्ही," तो म्हणाला.

अकराव्या महिन्याच्या शेवटी आकडा अठ्ठ्याऐंशी. दोन हजार चारशे तासांनंतर. त्या दिवशी मामाने घरी येऊन राजीनाम्याचा मसुदा केला. चार ओळींचा. मामीने तो वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि म्हणाली, "राहू दे ड्रॉवरमध्ये. मी एका पगाराचं गणित मांडून ठेवलंय. बसतंय." मग स्वयंपाकघरातून, पाठमोरी, "कोपर बरंच सुधारलंय तुमचं."

निवड चाचणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. आम्ही तिघं गेलो. मामी सुट्टी काढून. सर दारात भेटले. मंडळाच्या तंत्रज्ञाने टेबल त्याच सकाळी तपासल्याचा कागद भिंतीवर लावला होता आणि मामाने तो सही-शिक्क्यासकट वाचला. सही जागेवर होती. तो समाधानाने मागे वळला.

पहिला फटका. बॉल हळूच निघाला, सरळ गेला आणि पॉकेटच्या डाव्या कडेला लागून थांबला.

दुसरा फटका तसाच. तिसरा आत गेला. चौथा, पाचवा, सहावा डावीकडे. मी वहीत नेहमीप्रमाणे गेला-चुकला लिहीत होते. बाराव्या फटक्यानंतर, का कोण जाणे, चुकलेल्यांपुढे डावा-उजवाही लिहू लागले. अकरा महिन्यांत हे कधी सुचलं नव्हतं. आधीचे चुकलेले आठवून भरले. मामाच्या कपाळावर घाम नव्हता. हात थरथरत नव्हता. कोपर, खांदा, मान सगळं जिथल्या तिथे. इतकं अचूक चुकणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

शेवटी पंच उठला आणि आकडा वाचला. "त्रेचाळीस."

सर पुढे आले, त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "जिद्द थोडी कमी पडली," ते म्हणाले. "प्रशिक्षणात काही कसर नव्हती. पुढच्या तुकडीत या." आणि सवयीने कार्ड दिलं. मामाच्या वाट्याचं पंधरावं.

घरी आल्यावर मामीने ड्रॉवर उघडला, मसुदा काढला, दोन घड्या घातल्या आणि डब्यांच्या फळीवर ठेवला. फेकला नाही. मामा हात धुऊन जेवायला बसला.

मी वही उघडली. चुकलेले सत्तावन्न. त्यांतले डावीकडे एक्कावन्न.

"मामा," मी म्हटलं, "तू चुकत नव्हतास. तीन नंबरचं टेबल उजवीकडे उतरतं. तू डावीकडे मारायला शिकलास."

"अगं, नाचता येईना," मामी म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. तिने त्याच्या पानात भात वाढला.

"ते टेबल मी समतल केलंय," मामा म्हणाला. "पाणसळीवर."

"पाणसळ उलटी करून बघितली होतीस?"

तो भात कालवत राहिला. "तू होतीस ना तिथे," तो म्हणाला. "तू बघितलीस?"

मी नव्हती बघितली. शास्त्रज्ञ मी होते.

"उद्या दहाला मला हजर व्हायचंय," मामा म्हणाला. "तो शब्द या घरात नको. ठरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी हॉलमध्ये गेले. तीन नंबरवर दोघं जण खेळत होते आणि दोघं वाट बघत होते. पाचव्या टेबलावर, डब्याशेजारी, चौदा व्हिजिटिंग कार्डं रबर लावून ठेवलेली.

"तुम्ही चाचणीला गेलात आणि मी काढली," मालक म्हणाला. "आता ओढत नाही. साहेबांचं काय झालं?"

"त्रेचाळीस."

मालक चुकचुकला. "माणूस चांगला खेळत होता. त्या टेबलावर अठ्ठ्याऐंशी मला नसते जमले. पैज लावून नसते जमले."

तिथून मी वजनमापे कार्यालयात गेले. जिना चढताना पायऱ्या मोजल्या; एकोणीस बरोबर होत्या. बाहेरच्या बाकांवर आणि जमिनीवर मिळून तेवीस तराजू रांगेत होते, प्रत्येकाशेजारी एक दुकानदार. आत मामा ओट्यामागे बसला होता, जणू मधलं वर्ष कुणी काढून घेतलं होतं. ओट्यावर पाणसळ होती. बुडबुडा मधल्या रेघेवर, अगदी मध्ये.

"कशाला आलीस?" तो हळू आवाजात म्हणाला. "लोक बसलेत."

"एक मिनिटाचं काम आहे."

"माहितीये मला कसलं काम आहे ते."

"ओटा कशावर समतल केलाय?"

त्याने पाणसळीकडे बघितलं.

"ती जिन्यावरून पडल्यानंतर किती तराजू तपासलेस?" मी विचारलं.

"अकरा हजार चारशे सहा," तो म्हणाला. असले आकडे त्याला आठवावे लागत नाहीत. "गेलं वर्ष सोडून. ते दुसऱ्याने तपासले. याच पाणसळीवर तपासलेत, तीन नंबर समतल केलं त्याच दिवशी मी परत आणून दिली होती."

रांगेतला पहिला दुकानदार खाकरला. मामाने त्याला बोटाने थांबायची खूण केली. मला त्याची अडचण दिसत होती; ती साध्या वजाबाकीची होती. पाणसळ खरी असली तर तो नेमका निरीक्षक होता आणि त्रेचाळीसचा खेळाडू. खोटी असली तर खेळाडू अठ्ठ्याऐंशीचा होता, आणि निरीक्षक कितीचा ते बाहेरच्या तेवीस जणांना सांगावं लागणार होतं. दोन्ही शिक्के एकदम मिळणार नव्हते. न बघता ठेवली तर मात्र काहीच घडणार नव्हतं. दहा वर्षं घडलं नव्हतं.

"तुझी मामी काय म्हणाली सकाळी, ऐकायचंय?" तो म्हणाला.

"काय?"

"म्हणाली, फळीवरचा कागद हलवला नाहीये. त्याच्यावर डबा ठेवलाय, उडू नये म्हणून."

त्याने रुमाल काढला आणि ओटा पुसला. पाणसळ दोन्ही हातांनी उचलली, तिच्या टोकांची अदलाबदल केली आणि पुन्हा त्याच जागी, त्याच रेघेवर ठेवली. बुडबुडा निघाला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं वाकून बघत होतो. दुकानदारही वाकला.

मामाने नोंदवही पुढे ओढली. उलट चाचणीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ठीक' होतं, एकाखाली एक, बरंचसं त्याच्याच अक्षरात. त्याने तारीख घातली, चष्मा नीट केला, बुडबुड्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि लिहिलं: विचलन, साडेतीन खुणा.